अकरा कार्डांचा क्रम

जिद्दीचे सिनेमे जोडण्यात माझी उमेद गेली. सव्वीस वर्षं मी एडिटिंग करते, त्यातली शेवटची नऊ आमच्या सरांकडे, आणि सरांकडे दुसरा मालच नसतो. एका पायाने पोहणारा माणूस, डोळे गेलेला सुतार, तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पहिली आलेली नर्स. माणूस पडतो, माणूस रडतो, माणूस उठतो, संगीत वर चढतं. सरांच्या माघारी मी त्यांना 'उठवणारे सर' म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि बहुतेक आवडतंही.

या कामाची एक रीत आहे. आधी संगीत पसरायचं, मग त्यावर माणूस ठेवायचा. संगीत कुठे चढणार ते ठरलेलं असतं, त्या जागी माणसाला उभं करायचं. तो वेळेवर उठत नसेल तर त्याचं रडणं थोडं कापायचं. यात लपवण्यासारखं काही नाही, आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. माणूस तोंडाने काय बोलतोय ते आम्ही शेवटी ऐकतो, आणि वेळ नसला तर ऐकतच नाही.

तर सायकल मिस्त्रीची अकरा कार्डं बुटाच्या खोक्यात भरून माझ्या टेबलावर आली. स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांचं एक मंडळ आहे, त्यांनी दुसऱ्याच कुणाकडून हा सिनेमा सुरू केला होता. त्या गृहस्थाने दोन वर्षं अधूनमधून दुकानात जाऊन चित्रण केलं आणि मग मोठं काम मिळालं म्हणून परदेशी निघून गेला. फोन उचलत नव्हता. मंडळाने खोकं सरांकडे दिलं, सरांनी माझ्याकडे सरकवलं. सोबत एक चिठ्ठी होती: 'सायकल दुरुस्त करणारे मिस्त्री. स्नायू निकामी होण्याचा आजार. प्रचंड जिद्द.' बस, एवढंच. कार्डांवर आकडे नव्हते. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी काढली की एक जानेवारीवर परत जायचं, त्यामुळे अकराच्या अकरा कार्डं एक जानेवारीलाच चित्रित झाली होती.

मला त्याचं काहीच वाटलं नाही. एका कार्डात मिस्त्री चाकाच्या खुर्चीत बसलेला आणि त्याची बायको सायकलचं चाक फिरवतेय. दुसऱ्यात तो टेबलाला धरून उभा. आणखी एकात तो स्वतः चाकाचा आऊट काढतोय, म्हणजे वाकडं फिरणारं चाक तारा आवळून सरळ करतोय. आणि एकात तो दुकानातून निघून कोपऱ्यापर्यंत ताठ चालत जातो, कुणाची तरी सायकल एका हाताने उचलून आणतो. क्रम लावायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खुर्ची पहिली, चालणं शेवटी. दुकानाचं दार काही कार्डांत निळं होतं, काहींत हिरवं. कॅमेऱ्यावाल्याला रंगाचं काही कळत नाही, असं पुटपुटत मी सगळीकडे ते निळं करून टाकलं. मिस्त्री सारखा बोलत असायचा. दोन मिनिटं ऐकलं: 'डावीकडची अर्धा फेरा. पुढची सोड. तिच्या शेजारची.' दुकानातली बडबड म्हणून आवाज बंद केला आणि संगीत पसरलं.

सरांनी निवेदन लिहिलं. शेवटचं वाक्य असं होतं: 'आणि आज त्याच्या पत्नीला दुकानात यायची गरज उरलेली नाही.' सरांना स्वतःचंच वाक्य ऐकून भरून आलं. त्यांनी पूर्ण सिनेमा मिस्त्रीच्या फोनवर संमतीसाठी पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला. त्यातला दीड मिनिटाचा तुकडा सरांनी इकडेतिकडे सोडला आणि तो आठवड्याभरात अख्ख्या भागात फिरला. रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा होता. सर दुसऱ्या गावी पुढच्या माणसाला उठवायला गेले होते.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीची बायको माझ्या खोलीत आली.

मी तिला लगेच ओळखलं. दोन महिने रोज बघत होते. पडद्यावरच्यापेक्षा बुटकी होती आणि नखांत काळं वंगण होतं. खुर्ची दिली तर कडेला टेकली, कपड्यांचं वंगण तिला लागेल म्हणून असावं.

"ताई, सिनेमा तुम्ही जोडला?"

"हो."

"मला जरा समजावून सांगा. मी तीनदा बघितला. मला कळेना."

मी म्हटलं, काय कळलं नाही. तिने फोन काढला, चालण्याचा भाग लावला आणि पडदा माझ्यासमोर धरला. "हे सगळ्यात आधीचं आहे. तेव्हा त्यांना फक्त पायात मुंग्या यायच्या. हे शेवटी कसं?"

मला आधी वाटलं ही बाई गोंधळलीय. आजारपणात माणसांना तारखा लक्षात राहत नाहीत. मी शांतपणे सांगायला लागले की बघा, आधी ते खुर्चीत होते, मग हळूहळू... ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्यावर दया आल्यासारखं काहीतरी होतं, आणि मला ते सहन होईना.

"खुर्ची या थंडीत आली," ती म्हणाली. "त्यांचं वाढतच चाललंय. हा आजार बरा होत नाही ताई, मंडळातल्या कुणालाही विचारा. आणि दार. दार आम्ही गेल्या वर्षी हिरवं केलं. तुमच्या सिनेमात दार निळंच आहे. मला वाटलं माझंच डोकं फिरलं."

मी मूळ कार्डं उघडली. खुर्ची, हिरवं दार. टेबलाला धरून उभा, हिरवं दार. चालणं, निळं दार. दाराने मला स्वच्छ सांगितलं होतं आणि मी दारालाच गप्प केलं होतं. एखाद्याला बरं करायला डॉक्टर लागतो, मी माउसवर भागवलं होतं. नऊ वर्षांत किती माणसांना मी असं बरं केलं असेल, असा एक विचार डोक्यात आला आणि मी तो घाईघाईने बाजूला सारला.

"मी दुरुस्त करते," मी म्हटलं. "आजच. अजून दोन दिवस आहेत."

मला वाटलं ती हायसं वाटून उठेल. ती बसूनच राहिली.

"तेच तर," ती म्हणाली. "करा म्हणू की करू नका म्हणू, मला समजत नाही."

मग तिने सांगितलं. सरांचा तो तुकडा बघून गिऱ्हाइकं दुकानात यायला लागली होती, पण चाक तिच्या हातात द्यायला तयार नव्हती. मिस्त्री उठले ना आता, मग त्यांनाच करू द्या. दोन वर्षांत तिने हे काम अंगवळणी पाडून घेतलं होतं, आता कुठे लोक तिच्यावर चाक सोडून जायला लागले होते, आणि मी दीड मिनिटात तिला दुकानातून उठवून घरी बसवलं होतं. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की मिस्त्री दिवसभर तो सिनेमा बघत होता. फोन समोर उभा करून द्यायचा, संपला की अंगठ्याने परत लावायचा. चालण्याची जागा आली की तोंड थोडं उघडायचा.

"दोन वर्षांत त्यांना असं खूश बघितलं नाही," ती म्हणाली. "मी काय करू, ताई?"

लोक मला सिनेमा कुठे कापायचा ते विचारतात. असलं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, मी खरा क्रम लावून उद्या दुकानात घेऊन येते. दोघं बघा, मग ठरवा. ती बरं म्हणून गेली. जाताना खुर्ची रुमालाने पुसून गेली.

सरांना फोन केला. सगळं सांगितलं.

"म्हणजे तो बरा होत नाही?"

"नाही."

"मग यात प्रेरणा काय आहे?"

"मला माहीत नाही, सर."

"मलाही नाही. मग मी मंजूर केलेलाच दाखव." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "निदान हॉलमधले लोक रविवारी चांगलं जेवतील." सर वाईट नाहीत. पण उठत नसलेल्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि मला कुठे शिकवलं होतं?

मी कार्डं खऱ्या क्रमाने लावली, चालणं पहिलं आणि खुर्ची शेवटी, संगीत काढून टाकलं आणि आवाज चालू केला. अकरा कार्डं, एकेक तीन-साडेतीन तासांचं. सगळं ऐकणं शक्य नव्हतं, पण ऐकता येईल तेवढं ऐकलं. पहिल्या कार्डात मिस्त्री कॅमेऱ्यावाल्याशी गप्पा मारत काम करतो आणि बायको फक्त डबा घेऊन येते. तिसऱ्यात त्याच्या हातून तारा आवळायची चावी पडते, तो शिवी हासडतो आणि बायकोला म्हणतो, "इकडे ये. धर ही. उलटी नको, अशी." तिथून पुढे तो जी बडबड करत होता ती बडबड नव्हतीच. तो शिकवत होता. "नुसतं बघू नकोस, तार वाजवून बघ. ढिली तार बसक्या आवाजात बोलते. ऐकू आलं? मग आवळ. एवढी नको, तुटेल ती. तुला काय कणीक मळायचीय?" कार्डागणिक त्याचे हात शांत होत गेले आणि जीभ जड होत गेली, आणि तिचे हात बोलायला लागले. नवव्या कार्डात ती एका चाकावर दीड तास घालवते, तो खुर्चीतून सांगत राहतो, प्रत्येक शब्द ढकलून बाहेर काढावा लागतो, ती रडकुंडीला येते, चावी आपटते, बाहेर जाते, परत येते. चाक सरळ फिरतं. तो म्हणतो, "आता दुसरं घे."

या प्रसंगावर मी 'अंधारलेले दिवस' असं निवेदन चढवलं होतं आणि खाली सारंगी लावली होती.

मी जोडत गेले, पण माझा काही निर्णय होईना. हा सिनेमा माणसाला खाली नेत होता. पहिल्या मिनिटाला तो चालतो, चौथ्याला धरून चालतो, नवव्याला बसतो. असं कुणी बघायला येतं का? आणि तरी मला मधेच वाटायचं, हे वर जातंय. काय वर जातंय ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. सव्वीस वर्षांचा अनुभव असा ऐन वेळी पाठ फिरवून उभा राहिला.

शनिवारी दुपारी दुकानात गेले. हिरवं दार. आत एका भिंतीला टांगलेली टायरं, दुसरीला हत्यारं, मधे उलटी टांगलेली एक सायकल. मिस्त्री खुर्चीत, मान एका बाजूला उशीवर टेकलेली. डोळे मात्र एकदम तेज, आल्याआल्या मला वरून खाली तपासून घेतलं. मी नमस्कार केला. तो काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही.

"तुम्ही दाराचा रंग का बदलला, विचारतात," बायको म्हणाली. "निळा त्यांना कधीच आवडला नव्हता."

मी माफी मागितली. तो हसला असावा.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पुढचं चाक हातात घेऊन. साधा, सज्जन माणूस. "मिस्त्री, बघितलं हं तुमचं," तो खुर्चीजवळ वाकून म्हणाला. "मानलं. हे चाक जरा डगडगतंय."

"द्या," बायकोने हात पुढे केला.

त्याने चाक दिलं नाही. "नाही वहिनी, घाई नाही. त्यांना बरं वाटेल तेव्हा त्यांच्याच हातून करून घेईन. आता काय, आज बसलेत, उद्या उठतील. तुम्ही कशाला त्रास घेता?"

तो चाक घेऊन गेला. बायकोने पुढे केलेला हात तसाच काही वेळ होता, मग तिने तो पदराला पुसला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मिस्त्री दाराकडे बघत होता.

मी लॅपटॉप खुर्चीसमोर ठेवला. माझी एक जुनी सवय आहे: कुठल्याही जागी गेले की तिथला नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा. रिकाम्या खोलीलाही तिचा आवाज असतो आणि सिनेमात दोन तुकड्यांमधली फट बुजवायला तो लागतो. तसा रेकॉर्डर चालू करून मी टेबलावर ठेवला आणि सिनेमा लावला.

बावीस मिनिटं. मिस्त्री पडद्याकडे बघत होता, बायको मिस्त्रीकडे आणि मी दोघांकडे. पहिल्या मिनिटाला तो चालला तेव्हा त्याचं तोंड थोडं उघडलं, तिने सांगितलं होतं तसंच. मग त्याचाच आवाज दुकानात घुमायला लागला, खणखणीत, शिव्या देणारा, आणि खुर्चीतला मिस्त्री एकदम स्थिर झाला. किती दिवसांनी त्याने स्वतःला बोलताना ऐकलं असेल कोण जाणे. नवव्या कार्डात बायको चावी आपटून निघून जाते तिथे त्याने डोळे मिटले आणि ती परत येते तिथे उघडले. डोळे मिटलेले असताना त्याला कसं कळलं? तिच्या चपलांवरून कळलं असेल.

सिनेमा संपला. मी म्हटलं, "मिस्त्री, उद्या कुठला दाखवू? आधीचा की हा?"

तो बोलला. बराच वेळ बोलला. मधे श्वास घ्यायला थांबला, परत बोलला. बायको खाली बघून ऐकत होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आधीचाच राहू द्या," ती म्हणाली. "चालतानाचा शेवटी असू दे. ते बरं वाटतं."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. ती लॅपटॉपची वायर गुंडाळत होती, न सांगता. मी ठीक आहे म्हटलं. खरं तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्याचं आयुष्य, त्याचा सिनेमा, त्याने सांगितलं, विषय संपला. सरही खूश. घरी येताना मी जवळजवळ शीळ घालत आले.

घरी आल्यावर सवयीने खोलीचा आवाज संगणकावर उतरवला. त्यात त्याचं बोलणं होतं. मी कानाला हेडफोन लावले. कालपासून मी याच माणसाचा आवाज ऐकत होते, पहिल्या कार्डातला स्वच्छ, पाचव्यातला जड, दहाव्यातला घोटाळणारा. त्याचा कुठला शब्द कसा झिजत गेला ते माझ्या कानांना आता पाठ होतं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा हळू करून ऐकलं.

तो म्हणाला होता: "हा दाखवा. मला खाली जाताना बघू दे सगळ्यांना, मी गेलोच आहे. पण ती काय शिकली तेही बघू दे. नाहीतर तिच्या हातात कुणी चाक देणार नाही. दुकान तिचं आहे आता."

मी तिला फोन लावला. मागे कुठेतरी पाणी भरत होतं.

"वहिनी, मी रेकॉर्डिंग ऐकलं. ते तसं नव्हते म्हणाले."

पाण्याचा आवाज बंद झाला. "मलाही ऐकू आलं होतं, ताई."

"मग?"

"दोन वर्षं त्यांचंच ऐकतेय. डावीकडची आवळ, उजवीकडची सोड. एकदा नाही ऐकलं तर काय बिघडलं?" थोडं थांबून ती म्हणाली, "भर सभेत त्यांना एकेक पायरी खाली उतरताना दाखवणार तुम्ही, आणि ते तिथेच बसणार. लोक एकदा पडद्याकडे बघतील, एकदा त्यांच्याकडे. मला नाही बघवणार. गिऱ्हाइकांचं मी बघून घेईन. येतील हळूहळू."

"नाही आली तर?"

"मग नाही आली."

तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. त्याला तिचं दुकान हवं होतं, तिला त्याचं चालणं हवं होतं, आणि दोघांनी मला मधे आणून उभं केलं होतं, जिला स्वतःच्या घरातला नळ बदलायचा की नाही हे ठरवायला महिना लागतो. मला दोघांचाही राग आला. एवढं एकमेकांसाठी करायचं होतं तर कॅमेऱ्यासमोर तरी करायचं, निदान माझ्या संगीताला जागा मिळाली असती.

रविवारी सकाळी दोन्ही सिनेमे पेनड्राइव्हवर घेऊन सभागृहात गेले. साठेक माणसं होती. निम्मी नुकतीच आजाराचं नाव कळलेली, काठ्या नव्या कोऱ्या, सोबतचे नातेवाईक जरा जास्तच हसतमुख. मिस्त्री पहिल्या रांगेच्या कडेला खुर्चीत, शेजारी बायको. तिने माझ्याकडे वळून एकदा पाहिलं. मी संगणकापाशी उभी होते. पडद्यावर दोन फायली दिसत होत्या आणि माझं बोट माउसवर होतं.

मी खूप विचार करून ठरवलं असं सांगायला मला आवडेल. तसं काही झालं नाही. हॉलमधली ती कोऱ्या काठ्या घेतलेली माणसं बघितली आणि वाटलं, आधीचा लावला तर ही आज घरी जाऊन उद्यापासून उठायचा प्रयत्न करतील, आणि नाही उठता आलं की म्हणतील, आपलीच जिद्द कमी पडली. आणि दुसरं म्हणजे, तो माणूस एवढा दम खाऊन चार-पाच वाक्यं बोलला होता. एवढ्या कष्टाने बोललेलं एकदा तरी कुणी ऐकायला हवं. बोट खाली गेलं. त्याने सांगितलेलाच लागला.

मिस्त्री निळ्या दारातून बाहेर पडून ताठ चालत कोपऱ्यापर्यंत गेला आणि बायकोने खाली मान घातली. पुढची बावीस मिनिटं ती वर आलीच नाही. सातव्या कार्डाला एक बाई आपल्या नवऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि दार लागल्याचा आवाज झाला. मला वाटलं, संपलं, मी सगळं धुळीला मिळवलं. नवव्या कार्डाला, "तुला काय कणीक मळायचीय," हे त्याने परत एकदा अडखळत म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघं हसली.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्या सिनेमांना नेहमी वाजतात. लोक बसून राहिले. मग तिसऱ्या रांगेतला एक मास्तर काठीवर जोर देऊन उभा राहिला. शाळेत लाकूडकाम शिकवतो म्हणाला. त्याचे हात थरथरत होते.

"मिस्त्रींना विचारायचंय," तो म्हणाला. "किती दिवस लागले शिकवायला? म्हणजे, माझ्याकडे किती आहेत ते मला बघायचंय."

मिस्त्री बोलायला लागला. हॉलमधल्या सगळ्यांनी माना बायकोकडे वळवल्या. ती उठून उभी राहिली, अजून कुणाकडे न बघता, आणि तो एकेक वाक्य पुरं करेल तसं सांगत गेली.

"म्हणतात, दोन वर्षं लागली. जमेल तुम्हाला, पण आजपासून सुरू करा, बोलता येतंय तोवर." तो परत बोलला. "म्हणतात, हिने फार वेळ लावला. वर्षभर चावी उलटीच धरायची." लोक हसले. मास्तरही हसला. मिस्त्री आणखी एक वाक्य बोलला, लहानसंच. बायको ते ऐकून खाली बसली.

"बस, एवढंच म्हणाले," ती म्हणाली.

मला सगळं कळलं होतं. मी मागे, संगणकापाशी होते, माझा तिथे बोलायचा काही संबंध नव्हता.

"एक वाक्य राहिलं," मी म्हणाले. साठ माणसं माझ्याकडे वळली. "ते म्हणाले, आता मी दिवसभर तिच्या कामात चूक शोधत बसतो, आणि मला सापडत नाही."